मागचं डावं दार

१

"सुंदररावतात्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला हात लावायचा न्हाई. अन कावून म्हणून इचारायचं न्हाई."

पाटोद्यात बीड रोडला 'भागवत ऑटो इलेक्ट्रिक' नावाचं एका शटरचं दुकान आहे. प्रियदर्शनी त्या दुकानात कामाला उभी राहिली, त्या दिवशी वडिलांनी तिला सांगितलेला हा एकुलता एक नियम. बाकी काही शिकवायच्या भानगडीत अण्णा पडले नाहीत. पोरगी संभाजीनगरहून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होऊन आलेली. तिला फ्यूज आणि रिले काय समजावून सांगायचे?

प्रियदर्शनीला नियमांचा राग नव्हता. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, हाही नियमच आहे. पण त्याला कारण आहे आणि विचारलं तर ते सांगता येतं. ज्याचं कारण सांगता येत नाही असा नियम ऐकला की तिच्या डोक्यात तिडीक जायची, आणि घरात असे नियम पोत्यानं होते. दिवेलागणीला झाडायचं नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. तिनं "का?" म्हटलं की आई म्हणायची, "लई शिकलीस," आणि विषय तिथं संपायचा.

"दारात काय साप आहे का, अण्णा?"

"न्हाई."

"मग?"

"इचारायचं न्हाई म्हणलं की न्हाई इचारायचं."

अण्णांच्या बऱ्याच गोष्टी तिला कळत नव्हत्या. ती शिकायला गेली तेव्हा हा माणूस दुरुस्तीला आलेली प्रत्येक गाडी स्वतः चालवून बघायचा. परत आली तेव्हा तो स्टिअरिंगला हात लावेनासा झाला होता. डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणायचे. पण केसाएवढी तुटलेली तार त्यांना चष्म्याशिवाय दिसायची. आणि टेप तपासायची त्यांची पद्धत तर गिऱ्हाईकांच्या चेष्टेचा विषय झाली होती. आवाज अगदी शेवटच्या टोकापर्यंत कमी करायचे आणि स्पीकरच्या जाळीला कान लावून ऐकत बसायचे.

"अण्णा, जरा वाढवा की. गिऱ्हाईकाला वाटायचं टेप मेलाय."

"ऐकू येतंय मला," अण्णा म्हणायचे, आणि आणखी वाकायचे.

२

त्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी ऊसतोडणीच्या यंत्राचं वायरिंग जळालं म्हणून अण्णा शेतावर गेले होते. दुकानात प्रियदर्शनी एकटीच. ऊन नुकतंच तापायला लागलं होतं. सुंदररावांची पांढरी गाडी दुकानापुढं येऊन उभी राहिली आणि त्यांचा मुलगा रविराज खाली उतरला. कपाळावर, कानामागं आदल्या दिवशीचा गुलाल तसाच होता. तात्या पुन्हा निवडून आले होते.

"अण्णा कुठंयत?"

"शेतावर गेलेत, कामाला. मी आहे की."

"तू करशील?"

"छे, छे. मी नारळ फोडते आणि गाडीला सांगते, नीट हो बाई म्हणून."

रविराज हसला. मग सांगायला लागला. कंपनीचा टेप. चालता चालता आवाज आपोआप कमी होतो, पार बंद होतो. शोरूमवाल्यांनी टेपच बदलून दिला, नवाकोरा. पहिल्या दिवशी ठीक चालला, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

"दुपारी निघायचंय. बीडपर्यंत फाट्याफाट्यावर सत्कार हायेत. तात्यांचं गाणं लावलं अन मधीच बंद पडलं तर लोकांत हसं होतंय." जाता जाता आठवल्यासारखं तो म्हणाला, "अन संस्कृतीलाबी दवाखान्यात दाखवायचंय. सकाळपासून कंबर दुखती म्हणती. दिवस भरत आलेत. जाता जाता होऊन जाईल तेबी."

संस्कृती म्हणजे रविराजची बायको. दुसरी. पहिली ऋतुजा.

"दोन गाड्या करा ना," प्रियदर्शनी म्हणाली. "एक सत्काराला, एक दवाखान्याला."

"तात्याला कोण सांगणार? तू सांगतीस का?" किल्ली टेबलावर टाकून तो वळला आणि मागच्या डाव्या दाराकडं न बघताच म्हणाला, "त्या दाराचं माहितीय ना तुला?"

"माहितीय."

३

आधी सोपं, मग अवघड. तिनं टेप चालू केला, आपला मोबाईल जोडला, एक गाणं लावलं आणि पुढच्या सीटवर मांडी घालून बसली.

फार वाट बघावी लागली नाही. पडद्यावरचा आवाजाचा आकडा उतरायला लागला. एकेक करून. मध्ये थांबत, पुन्हा एक. चार माणसांत बसलेल्या कुणीतरी, कुणी ओरडेल का याचा अंदाज घेत घेत कमी करावा तसा. शून्यावर आला आणि गाणं गेलं. गाडीत एकदम इतकी शांतता झाली की बाहेर टपरीवर चहा गाळल्याचा आवाज आला.

मग आकडा एका झटक्यात वर गेला, आणि गाणं तिच्या कानावर येऊन आदळलं.

प्रियदर्शनीला आनंदच झाला. तिला हा रोग ओळखीचा होता. स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतात. त्यांची वायर स्टिअरिंगच्या आत पट्टीसारखी गुंडाळलेली असते. ती झिजली की बटण न दाबताच दाबल्यासारखं होतं. शोरूमवाल्यांनी टेप बदलला, स्टिअरिंगकडं कुणी बघितलंच नसणार. तिनं बटणांचा कपलर सोडला. आता बटणं टेपला जोडलेलीच नव्हती.

आकडा उतरला. एकेक करून.

मग तिनं टेप बाहेर ओढला, अर्थिंगची वायर घासून साफ केली, तरीही उतरला म्हणून अर्थिंग सरळ बॅटरीवरून दिलं. फ्यूज बदलला. आकडा उतरायचा तो उतरलाच. ती आता नुसती ऐकत नव्हती, बघत होती. उतरताना एकेक, चाचरत. चढताना एकदम, मनगट फिरवून गोल बटण वाढवावं तसा. आणि ते गोल बटण तर तिच्या डोळ्यांपुढं जागचं हलत नव्हतं.

तिला हे आवडलं नाही. एका बिघाडाला दोन स्वभाव नसतात.

मग उरले स्पीकर. टेपच्या पाठीमागून तिनं एकेका स्पीकरची वायर सोडून बघितली. पुढचा उजवा सोडला, आकडा उतरला. पुढचा डावा सोडला, उतरला. मागचा उजवा, तरी उतरला. मागचा डावा सोडला आणि आकडा जागच्या जागी उभा राहिला. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं अर्ध्यावर आलं. आकडा ढिम्म. तिनं ती वायर परत जोडली.

उतरायला लागला.

तिनं रस्त्याकडं बघितलं. अण्णा दिसत नव्हते. तिच्या हातात पेचकस होता, आणि दार उघडायला आता कारणही होतं. नियम मोडायला तिला याहून जास्त काही लागत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस तिच्या मनात येत राहिलं की तिथंच थांबले असते, काही सापडलं नाही म्हणून किल्ली परत दिली असती, तर निदान अण्णा आपल्यापुरते पूर्वीचे अण्णा राहिले असते.

४

दार बाहेरून उघडलं. दाराच्या कडेला लहान मुलांसाठी एक खटका असतो. तो खाली केला की दार आतून उघडत नाही. तो खाली केलेला होता. त्या घरात लहान मूल नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

तिनं स्क्रू काढले आणि दाराचं आतलं आवरण ओढून अलगद बाजूला घेतलं. बिजागरीजवळ वायर घासून उघडी पडली असेल, असा तिचा अंदाज होता. वायर धड होती. कपलर कोरडा होता. पण स्पीकरच्या मागं, लोहचुंबकाभोवती आणि खाली दाराच्या पोकळीत काहीतरी तपकिरी, चुरगळलेलं दाबून भरल्यासारखं होतं. तिनं मूठभर बाहेर काढलं.

झेंडूच्या पाकळ्या. वाळून काड्या झालेल्या.

ती मिरवणूक तिनं होस्टेलवर मोबाईलमध्ये बघितली होती. तात्या मागच्या वेळी निवडून आले तेव्हाची. प्रत्येक फाट्यावर जेसीबी उभा, त्याच्या बकेटमधून झेंडूच्या पाकळ्या गाडीवर ओतलेल्या, वर क्रेनला टांगलेला हार. व्हिडिओत गाडी दिसतच नव्हती. फुलांचा एक ढीग हळूहळू पुढं सरकत होता आणि पोरं त्याच्यापुढं नाचत होती. त्या ढिगाच्या आत मागच्या सीटवर ऋतुजा होती. कळा सुरू झालेल्या. बीडला दवाखान्यात चाललेली. जाता जाता.

ती पोचली नाही. गावानं जे ऐकलं ते सगळ्यांनी एकाच चालीत ऐकलं होतं. काचा वर होत्या, एसी चालू होता, पोरगी गाढ झोपली होती, झोपेतच गेली. दहाव्याला छबुबाई, म्हणजे ऋतुजाची सासू, येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत होत्या. "माज्या शेजारीच हुती. हूं का चूं न्हाई केलं बाई."

काच वर असली की रबर तिला घट्ट धरून बसतं. एवढी फुलं आत जायला काच खाली लागते.

प्रियदर्शनीनं पाकळ्या कागदावर ठेवल्या आणि स्वतःला बजावलं, आपण टेप दुरुस्त करतोय. तिनं स्पीकरचा कपलर सोडला. आता तो स्पीकर कशालाच जोडलेला नव्हता. मीटरच्या दोन सुया चिमट्यांनी त्याच्या दोन टोकांना अडकवल्या. आतली गुंडाळी शाबूत होती. मग हाताच्या सवयीनं तिनं मीटरचा खटका फिरवला आणि विजेचा दाब बघितला. न जोडलेल्या स्पीकरवर दाब कुठून येणार? शून्यच दिसायला हवं.

आकडा हलत होता.

हे होऊ शकतं, तिला माहीत होतं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. स्पीकर म्हणजे उलटा माईक. त्याला वीज दिली तर तो बोलतो, आणि त्याच्यापुढं कुणी बोललं तर तो वीज देतो. ती वाकून "हॅलो" म्हणाली, आकड्यानं उडी मारली. म्हणजे रस्त्याचा आवाज असणार. तिनं पंखा बंद केला. शटर अर्धं ओढलं. उसाची ट्रॉली गेली ती पार वळणाआड जाऊ दिली. मोबाईल बंद करून गल्ल्यात टाकला.

आकडा वर जायचा, खाली यायचा, क्षणभर थांबायचा. पुन्हा वर. बोलणाऱ्या माणसाला मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागतं, तसा.

तिनं मागच्या सीटकडं बघितलं. सीट रिकामी होती. तिनं स्पीकरवर तळहात ठेवला, दाबून. आता आकडा कमी व्हायला हवा होता. तो वाढला. कुणीतरी आणखी जवळ वाकून बोलायला लागावं तसा.

५

ऋतुजा तिला एकदाच भेटली होती. दिवाळीच्या सुट्टीत प्रियदर्शनी दुकानात बसली असताना ती याच गाडीतून आली होती, मोबाईलची चार्जिंगची वायर घ्यायला. तात्या समोरच्या टपरीवर माणसांच्या गराड्यात होते, तेवढ्या वेळात ती पायरीवर येऊन उभी राहिली.

"मागचा स्पीकर माझ्या कानातच वाजतो गं," ती म्हणाली होती. "तेवढाच कमी करता येतो का?"

"येतो की. पुढं टेपवरच करता येतं. दाखवू का?"

ऋतुजा हसली होती. फार छान हसायची. "मला पुढच्या बटणाला हात कोण लावू देतंय?"

मग पलीकडून हाक आली आणि ती गेली. प्रियदर्शनीनं हे अण्णांना सांगायचं ठरवलं होतं. एवढंसं काम, पाच मिनिटांचं. सुट्टी संपली आणि ते राहून गेलं.

आता तिनं फळीवरचा लहान अँप्लिफायर खाली घेतला. भजनी मंडळांचे माईक तपासायला ठेवलेला. स्पीकरच्या वायरी त्याच्यात घातल्या, इअरफोन लावला. काही नसेलच, ती स्वतःशी म्हणाली. जवळच्या एखाद्या रेडिओचं काहीतरी त्यात शिरत असेल. ऐकलं की कळेल, कळलं की संपेल.

आधी नुसती खरखर. मग लांबवर ढोल. माणसांचा गलका, तात्यांच्या नावाच्या घोषणा, सगळं बंद दाराआडून यावं तसं. आणि त्या सगळ्याच्या अलीकडं, अगदी कानाशी, श्वास. धापेचा. जाळीला ओठ टेकवल्याशिवाय इतका जवळ येत नाही.

मग एक बाई बोलली. ओरडून नाही. मोठ्या माणसांकडं एकदा मागून मिळालं नाही की दुसऱ्यांदा जसं मागतात, तशा अदबीनं.

"भागवतकाका, आवाज जरा कमी करा ना."

थोडा वेळ श्वास.

"काका... काच खाली केली, तर फुलंच येतायत. गाडी थांबवता का?"

खट् झालं आणि गाणं एकदम चढलं, इतकं की त्याच्याखाली सगळं बुडून गेलं. मग खरखर. मग पुन्हा लांबवर ढोल.

प्रियदर्शनीनं इअरफोन ओढून काढला. भागवतकाका. म्हणजे अण्णा. बाहेर टपरीवर कुणीतरी हसत होतं. तिच्या हाताला झेंडूचा वास येत होता, ओल्या, ताज्या झेंडूचा. कागदावरच्या पाकळ्या मात्र काडीसारख्या वाळलेल्याच होत्या.

६

अण्णा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आले. अर्ध्या शटरखालून वाकून आत आले आणि दाराचं आवरण जमिनीवर बघून तसेच वाकलेले राहिले.

ती ओरडणार होती. काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तिचा आवाज फुटला तो लहानपणीसारखा.

"त्या दिवशी गाडी तुम्ही चालवत होतात."

हातातली पिशवी अण्णांनी खिळ्याला अडकवली, ती खाली पडली, त्यांनी परत अडकवली.

"ड्रायव्हर पोरांत नाचाया गेलता," शेवटी ते म्हणाले. "तात्या म्हणले, भागवत, तू बस."

"ती काय म्हणत होती?"

"ऐकू आलं न्हाई."

"अण्णा."

"तात्या म्हणायचे वाढव, म्या वाढवायचो." त्यांचा उजवा हात आपोआप पुढं गेला, हवेत एक बटण धरलं आणि मनगट फिरलं. "आरशात दिसत हुती. व्हट हालत हुते तिचे. म्या म्हणलं, गाणं म्हणत आसंल."

ते खाली बसले. कागदावरच्या पाकळ्या ओंजळीत घेतल्या आणि दाराच्या पोकळीत परत घालायला लागले. हळूहळू, एकही खाली सांडू न देता. प्रियदर्शनीला त्यांना हाताला धरून थांबवावंसं वाटलं आणि धरवेना. इतकी वर्षं ती या माणसाशी भांडत आली होती, पण भांडायला तो माणूस होता. आता पाठमोरे बसलेले ते खांदे कुणाचे, हे तिला कळेना.

"हे तुम्ही रोज ऐकता?" तिनं विचारलं. "दुसऱ्यांच्या गाड्यांमध्येसुद्धा? म्हणून कान लावून बसता?"

"झाक ते," अण्णा म्हणाले. "लवकर झाक. यायला लागलेत."

तिनं ते झाकलं नाही; गल्ल्यातला मोबाईल काढून चालू केला आणि एक नंबर लावला.

७

जीपवरच्या कर्ण्यातून तात्यांचं गाणं लांबूनच ऐकू येत होतं. जीप दुकानापुढं थांबली. रविराजनं उडी मारून शटर पूर्ण वर केलं. सुंदरराव उतरले, पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात कालचाच हार. पाठोपाठ छबुबाई, आणि त्यांच्या दंडाला धरून संस्कृती. बावीस-तेवीसची असेल. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"झालं का, भागवत?" तात्यांनी विचारलं. मग त्यांना उघडं दार दिसलं. त्यातून बाहेर आलेल्या वायरी दिसल्या, आणि सीटवर पडलेलं मीटर. ते अण्णांकडं बघत राहिले. "हे कुणी खोललं?"

"मी," प्रियदर्शनी म्हणाली.

"तुला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"ह्या पोरींना शिकवलं की आसं हुतंय," छबुबाई म्हणाल्या. "तरी म्या म्हणत हुते, भागवत आसल तरच गाडी द्या."

"बरं, खोललं तर खोललं." तात्यांनी हात झटकला. त्यांना घाई होती. "बिघाड त्या दारातच हाय ना? मग वायर कापून टाक. एक स्पीकर न्हाई वाजला तर काय बिघडत न्हाई. पहिल्या फाट्यावर जेसीबी भरून उभाय. भागवत, काप अन आवर लवकर. ड्रायव्हर कुठं गेला?"

"ड्रायव्हर पोरांबरोबर पुढं गेलाय," रविराज म्हणाला.

तात्यांनी अण्णांकडं बघितलं. "मग तू बस, भागवत."

अण्णांनी टेबलावरचा कटर उचलला. ते दाराकडं निघाले.

"आत्या," संस्कृती सासूला म्हणाली. "मला जरा..."

"पहिलटकरणीला आसंच हुतंय," छबुबाई म्हणाल्या. "बस गाडीत, पडून राहा. ये, हिकडून, डावीकडून चढ. म्या उजवीकडं बसते."

"जरा थांबता का," संस्कृती म्हणाली. ओरडून नाही. एकदा मागून मिळालं नाही की दुसऱ्यांदा जसं मागतात, तशा अदबीनं. कर्ण्याचं गाणं चालू होतं. तात्या फोनवर कुणाला तरी पोचतोच म्हणून सांगत होते. छबुबाई पदर सावरत होत्या. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर एवढंच दिसलं असतं की तिचे ओठ हलतायत.

प्रियदर्शनी अण्णांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हातातून कटर काढून घेतला. त्यांनी सोडला.

"वायर कापायची नाही," ती म्हणाली.

"आता हे काय नवीन?" तात्यांनी फोन कानावरून खाली घेतला.

"वायर कापायची नाही, आणि हिनं या गाडीत बसायचं नाही. किल्ली माझ्याकडं आहे. मी एकशे आठला फोन केलाय. अँब्युलन्स निघालीय. हिला घेऊन ती सरळ बीडला जाईल, कुठल्याही फाट्यावर थांबणार नाही. तुम्ही तुमचे हार घ्यायला जीपमधून जा."

"मोठ्यांच्या मधी बोलती का गं?" छबुबाईंचा आवाज चिरला. "भागवत, तुज्या पोरीला..."

"हो. बोलते."

"रविराज, घे किल्ली तिच्याकडनं," तात्या म्हणाले. "आन भागवत, तू काय बघत बसलायस? सांग की तिला. काय झालंय काय त्या दाराला, एवढं?"

अण्णांनी मान वर केली नाही. रविराज एक पाऊल पुढं आला. प्रियदर्शनीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. तिला खूप काही बोलायचं होतं. खटक्याबद्दल, काचेबद्दल, दहाव्याला सांगितलेल्या त्या गोष्टीबद्दल. त्यातलं काहीच ती बोलली नाही. तिनं फक्त ऐकलेलं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, त्याच हळू आवाजात, त्याच अदबीनं.

"भागवतकाका, आवाज जरा कमी करा ना."

रविराज जागच्या जागी थांबला. तात्यांच्या हातातल्या फोनवर कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. छबुबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ते तिथंच राहिलं. जीपमधल्या कुणाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गाणं बंद केलं.

हे कोण म्हणालं, कधी म्हणालं, असं एकानंही विचारलं नाही.

संस्कृती भिंतीला टेकून उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. प्रियदर्शनीनं तिचा हात हातात घेतला. मीटर सीटवर तसंच पडलेलं होतं, सुया स्पीकरलाच लावलेल्या. त्याच्यावरचा आकडा हळूहळू वर जायला लागला, आणि या वेळी मध्ये कुणीच बोललं नाही.